होडी वाट बघणारीनं निवडायची

शेजारच्या शैलाताई हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांना बाथरूमला जायचं झालं, आणि गेल्या तशा लगेच बाहेर आल्या. "अहो सुहासिनीबाई, तुमच्या बाथरूमला आतून कडीच नाही की." मी म्हणाले, "मोडली हो, सुतार येतो येतो म्हणतो आणि येत नाही." सुतारांचं हे असंच असतं, तेव्हा तेवढ्यावर भागलं असतं. पण खिडकीपाशी बसलेले हे, म्हणजे माझे यजमान गुरुदत्त नेरूरकर, ज्यांनी कितीक दिवसांत हो-नाहीपलीकडे शब्द काढला नव्हता, ते बाहेर बघत बघतच म्हणाले, "मोडली नाही. हिनं काढून ठेवलीय. मी आत कोंडून घेईन म्हणून." शैलाताईंना ती थट्टा वाटली. त्या हसल्या, मीही हसले. हसण्याचं काय, ते कुठेही येतं. त्या जिना उतरून गेल्यावर मी दार लावलं, आणि पाठमोरी असतानाच मला ह्यांचा आवाज ऐकू आला. "सुहास, मला एक होडी घ्यायची आहे. लहानशी. मासे धरायला."

संत तुकारामनगरात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात होडी. ती काय गॅलरीत टांगायची, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पुण्याची, आमची जीभ सुटायला वेळ लागत नाही. पण त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली. ह्यांनी होडी म्हटलं, मासे म्हटलं, आणि मला ऐकू आलं फक्त पाणी. कारण गेल्या भाद्रपदात, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, एका दुपारी रावेतचे एक शेतकरी, लक्ष्मणराव, ह्यांना दंडाला धरून आमच्या दारात उभे राहिले होते. हे छातीपर्यंत चिंब. अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि पायांत काही नाही. बूट लक्ष्मणरावांच्या हातात होते. आत मोजे नीट गुंडाळून ठेवलेले. जिन्यात तोवर चार दारं उघडली होती. त्या चारही दारांना ऐकू जाईल अशा आवाजात लक्ष्मणराव म्हणाले, "साहेब आंघुळीला उतरलं हुतं नदीत. कापडं काढायचं इसरलं, येवडंच." या एका वाक्यासाठी मी त्या माणसाची जन्मभर ऋणी राहीन. जिन्यातले लोक चुकचुकले आणि आत गेले. हे मालवणच्या काठावर वाढलेले, पट्टीचे पोहणारे. असा माणूस वाहत्या नदीत, हात न हलवता, नुसता उभा राहतो, तेव्हा त्यानं मनाशी काय ठरवलेलं असतं, हे विचारायची माझी तेव्हाही छाती झाली नाही आणि नंतरही नाही. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा, एकटं सोडू नका. त्यांचं काय जातंय सांगायला.

कारण विचाराल तर सांगताना ओशाळं व्हावं इतकं साधं आहे. मारहाण नाही, अपघात नाही, कोणी मेलेलं नाही. त्रेसष्ट साली आम्ही पिंपरीला आलो तेव्हापासून हे एकाच कंपनीत, इन्स्पेक्शन खात्यात. मोटारीच्या ब्रेकचा एक भाग ह्यांच्या हाताखालून जायचा. तो भाग हे नुसता बघायचे नाहीत, तळव्यावर फिरवायचे, नखानं वाजवून कानाशी धरायचे. घरी स्टीलचा पेलाही तसाच वाजवून बघायचे आणि शुभदा, आमची मुलगी, लहानपणी त्यांची नक्कल करायची. एकदा एका मालात बारीक चिरा निघाल्या. ह्यांनी तांबड्या रंगाचा फराटा मारून तो सगळा बाजूला काढला. वरचे साहेब म्हणाले, नेरूरकर, एवढं काय, चालून जाईल. हे म्हणाले, नाही चालणार. दुसऱ्या दिवशी फराटे पुसून माल गेला. ह्यांनी तक्रार केली. मग कंपनीनं ह्यांना काढलं असतं तर बरं झालं असतं. युनियन होती, भांडायला तोंड होतं. पण कंपनीनं ह्यांना खुर्ची दिली. स्टोअरच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक खुर्ची. पगार चालू, हजेरी चालू, काम काही नाही. कोणी कागद आणून द्यायचा नाही, कोणी काही विचारायचं नाही. आधी मित्र बोलायचे, मग त्यांनाही समज मिळाली. दोन वर्षं हा माणूस सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, डबा घेऊन, त्या भिंतीकडे बघायला जात होता. माझा भाऊ म्हणाला, नशीब लागतं बाई, बसून पगार मिळायला. मी त्याला त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही. आणि मग एका सकाळी हे तसेच तयार होऊन निघाले, आणि कंपनीच्या गेटावरून सरळ पुढे गेले, चिंचवडगाव, आणि तिथून चालत रावेतपर्यंत.

तेव्हापासून मी राखण करते आहे. दुसरा शब्द नाही. शुभदाला माझ्या भावाकडे पुण्याला ठेवली, कॉलेज जवळ पडतं म्हणून. खरं कारण तिला माहीत आहे आणि तिला माहीत आहे हे मला माहीत आहे. घरातल्या काय काय वस्तू मी माळ्यावर टाकल्या ते सांगत नाही. मी शाळेत गेले की विमलबाई घरी बसतात. नाव धुण्याभांड्यांचं, पण दोघांची भांडी घासायला कुणाला दुपार लागत नाही. त्या गहू निवडत बसतात, निवडून झालेले पुन्हा निवडतात, आणि हे त्यांच्याकडे बघून एकदा म्हणाले होते, "विमलबाई, खडे संपले असतील तर चार टाका." सगळं कळत होतं त्यांना. वर्गात मी भूगोल शिकवते. पवना सह्याद्रीत उगम पावते आणि दापोडीला मुळेला मिळते, एवढं वाक्य माझ्याच्यानं बोलवेना तेव्हा मी ते वाक्य मुलींकडून म्हणवून घ्यायला लागले. आणि राग. तो कुणाला सांगायचा? लोक मला म्हणायचे, किती करता हो तुम्ही. मी करत होते ते दात-ओठ खाऊन. माणूस असा उठून नदीत जाऊन उभा राहतो, तेव्हा घरातल्या बाईला नापास करूनच गेलेला असतो ना? अठरा वर्षांचा संसार त्यानं तळव्यावर फिरवला, वाजवून बघितला, आणि काठावर बूट काढून ठेवले. मी रात्रंदिवस त्याच्या श्वासावर कान ठेवून पडायचं, आणि सकाळी त्यालाच विचारायचं, चहात साखर पुरे ना?

होडीचं मी मनावर घेतलं नाही, म्हणजे घेतलं नाही असं दाखवलं. पण ह्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा तेच. मी म्हणाले, मासळीबाजार आहे की पिंपरीत. हे म्हणाले, विकतचे नकोत. आणि मग सावकाश, घासाघासाला थांबत, बोलायला लागले. आमचं लग्न झालं तेव्हा मी देशस्थाची मुलगी, मासा हे पुस्तकातलं चित्र. सासूबाईंनी मला मालवणच्या बाजारात नेऊन कल्ले उघडून बघायला शिकवलं होतं, बोट घालून, आणि माझ्या आईनं पुढे कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. पण ती सगळी माशाची विद्या खाणाऱ्यांची. ह्यांच्या घरात मासा पारखायचे, भांडून घ्यायचे, सोलकढीत तांदूळ की नारळ यावर दोन दिवस अबोला धरायचे, पण मासे धरणारा त्या घरात कोणी झाला नाही. हे लहान असताना एकदा मासे धरणाऱ्या गाबितांच्या होडीत बसून खाडीत गेले. परत आले तेव्हा वडील धक्क्यावर उभे. सगळ्यांदेखत मुस्काटात मारली आणि म्हणाले, आपण मासे विकत घेणारे, धरणारे नव्हे. "त्यानंतर मी होडीत बसलोच नाही," हे म्हणाले, "शेहेचाळीस वर्षांचा झालो." ताटातला भात संपला होता. कितीतरी महिन्यांनी संपला होता. ते मी बघितलं आणि मला रडू यायला लागलं, ते मी आमटी वाढण्यात घालवलं. नाही म्हटलं तर हे पुन्हा खिडकीला जाऊन बसणार. हो म्हटलं तर मी स्वतः ह्यांना नेऊन पाण्यावर सोडणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते मला त्या आठवड्यात पुरतं कळलं.

लक्ष्मणराव अधूनमधून भाजी घेऊन बाजाराला यायचे तेव्हा वर डोकावायचे, ह्यांच्याशेजारी घटकाभर गप्प बसून जायचे. त्यांनीच हे खूळ घातलं असणार, म्हणून मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, तुम्हीच बाहेर काढलंत आणि तुम्हीच परत घालताय की काय? ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. "बाई, साहेबांनीच इचारलं, होडी कुटं मिळंल. आमच्या गावात भैरू भोई हाय, त्याला दोन इकायच्यात. त्यो आता कंपनीत लागला. इचारल्यावर न्हाई कसं सांगू? खोटं बोलून मानूस बरा हुतो व्हय?" दोन आहेत म्हणाले, एक मोठी लाकडाची, तिला वल्हवायला दोन माणसं लागतात, एक लहान पत्र्याची, एकट्यापुरती. ते ऐकलं आणि मला वाट सापडली. मोठी घ्यायची. दोन माणसं लागतात ना, मग दुसरा माणूस नेहमी बरोबर असणार. भैरूचा भाऊ रोजावर येईल, असं लक्ष्मणरावच म्हणाले. पाण्यावर का होईना, एक विमलबाई असणार. मी त्याच संध्याकाळी ह्यांना म्हणाले, जाऊ या रविवारी, बघून येऊ. ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी नजर चुकवली नाही, पण पदराला हात पुसत राहिले.

माघातली सकाळ होती, ऊन अंगाला बरं वाटण्याइतकंच. रावेतच्या बंधाऱ्यामागे पवना पसरते, तिथे तिला नदी म्हणवत नाही. पाणी थांबून राहिलेलं, काठाला वांग्याचे वाफे, पलीकडच्या काठावर बाभळी आणि त्यामागे वळण. मी हे पाणी पहिल्यांदा बघत होते. इतके महिने ज्याला मी मनात काळं, भोवऱ्याचं समजत होते ते साधं हिरवट पाणी होतं, एक बाई त्यात गोधड्या धूत होती. ह्यांनी भाद्रपदातली जागा कुठली ते मला दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही, पण चालताना एके ठिकाणी लक्ष्मणराव उगाचच आमच्या दोघांच्या आणि पाण्याच्या मधे आले, त्यावरून मला कळलं. पुढे चिंचेखाली भैरू भोई आणि त्याची आई गोजाबाई वाट बघत होती. भैरू तिशीतला, अंगात नवी पँट. हे त्याला म्हणाले, "कंपनीत लागलात म्हणे." भैरू म्हणाला, "व्हय साहेब, भोसरीला. पर्मनंट केलं आवंदा. आता मासं कोन धरतंय, शिफ्ट करावी का जाळं टाकावं?" "कुठलं खातं?" "प्याकिंग." "बसायला खुर्ची देतात?" "न्हाई साहेब, आठ तास उभ्यानंच काम." "चांगलं आहे," हे म्हणाले. भैरूला त्यात काय चांगलं ते कळलं नाही, तो नुसताच हसला.

दोन्ही होड्या काठावर ओढून ठेवल्या होत्या. मोठी, भैरूच्या वडिलांची, रुंद, डांबरानं काळी झालेली. बघितल्याबरोबर मला ती आवडली. पोटभर जेवलेल्या आजीसारखी ती जमिनीवर बसली होती, हिला उलटायला चार बैल लागतील असं वाटत होतं. दुसरी पत्र्याची, चिंचवडच्या कुठल्याशा वर्कशॉपमधून भैरूनं हौसेनं करून घेतलेली, एका माणसानं पाय लांब केले की भरली. भैरू प्रामाणिक होता, त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं, "लाकडाची पान्यानं भरली तरी तरंगत राहती, धरून ऱ्हायला येतं. ही भरली की गेली खाली." ह्यांनी चपला काढल्या, मोठ्या होडीशेजारी उकिडवे बसले आणि डोळे मिटून तिच्या कडेवरून हात फिरवायला लागले. मी तो हात ओळखला. दोन वर्षं खुर्चीत आणि मग खिडकीत मांडीवर पडून राहिलेला हात फळीफळीवरून जात होता, थांबत होता, मागे येत होता. नखानं वाजवलं. कान लावला. भैरूकडून एक खिळा मागून घेतला आणि तळाच्या फळीला, अगदी खालच्या जोडाशी, टेकवला. जोर लावल्यासारखं दिसलं नाही, पण खिळा बोटभर आत गेला. "इथे कुजलीय," हे म्हणाले. भैरू वाकून बघून म्हणाला, "जुनी हाय साहेब, तेवडं आसनारच. डांबराचा एक हात मारला की चालून जाईल."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. भैरूला बिचाऱ्याला काय माहीत तो काय बोलला. मला वाटलं, संपलं, आता हे उठतील, हात झटकतील आणि घरी जाऊन खिडकीला बसतील ते कायमचे. हे उठले खरे. पण अगदी शांतपणे, वर्गात चुकलेल्या मुलीला सांगावं तसं म्हणाले, "नाही चालणार. ही नापास." आणि भैरूनं मान डोलावली. एवढंच झालं. हे काही म्हणाले आणि समोरच्या माणसानं ते मानलं. ह्यांच्या मानेची शीर जी कायम ताठलेली दिसायची ती सैल पडताना मी पाहिली. मग हे लहान होडीकडे गेले. वेल्डिंगच्या रेषेवरून बोट फिरवलं, आत दोन बादल्या पाणी ओतायला लावलं, थांबले, आपल्या रुमालानं बाहेरचा प्रत्येक सांधा पुसून रुमाल बघितला. कोरडा होता. "कोणी केलं हे काम? हात चांगला आहे," हे म्हणाले. "ही पास." त्यांचा चेहरा उजळला होता. लग्नातल्या फोटोत आहे तसा तो मला दिसला, आणि त्याच क्षणी मनात आलं, हे जर सगळं ठरवून केलेलं असलं तर? मोठी आवडली नाही म्हणून तिच्यात खोट काढली असली तर? बुडणारी होडी पास आणि तरंगणारी नापास, हे कसलं इन्स्पेक्शन?

हे खिशाकडे हात नेणार तोच गोजाबाई, जी इतका वेळ दगडावर बसून मिश्री लावत होती, म्हणाली, "थांबा. आमच्या घरातली नाव बाप्यानं निवडल्याली चालत न्हाई. बसनाऱ्याला काय, त्यो बसतो आन जातो. काठाला ज्या बाईनं वाट बगायची तिनं निवडायची. ही मोठी म्या निवडली, त्याआदीची माज्या सासूनं. घेनारं घर दुसरं आसलं तरी आमी तसंच देनार." आणि माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "बोला बाई, कंची?" भैरू ओशाळून म्हणाला, आये, शिकलेली मानसं हायत ती. पण हे म्हणाले, "बरोबर आहे. सुहास, तू सांग." आणि दोन पावलं मागे सरले. ते मागे सरणं मला दिसलं. त्यांनी माल तपासून टेबलावर ठेवला होता आणि आता वरचा साहेब काय करतो ते बघत उभे होते.

मी मोठी म्हणायला आले होते. घरून पाठ करून आले होते. मोठी म्हटलं की भैरूचा भाऊ रोज बरोबर येईल, होडी भरली तरी धरून राहता येईल, मला शाळेत भूगोल शिकवता येईल. कुजलेल्या फळीचं काय, डांबर लावतात लोक, वर्षानुवर्षं वापरतात. म्हणजे काय म्हणत होते मी? चालून जाईल म्हणत होते. त्यांचा तांबडा फराटा मी पुसत होते, आणि तोही त्यांच्याच जिवासाठी. मग त्या साहेबांत नि माझ्यात फरक काय राहिला, की ते पगार देत होते आणि मी आमटी वाढत होते? मोठी घेतली तर हे काही बोलणार नाहीत. मान खाली घालून त्या होडीत बसतील, समोर भैरूचा भाऊ, आणि ती होडी म्हणजे पाण्यावर ठेवलेली खुर्चीच होईल. आणि लहान म्हटलं तर मी काय करत होते ते मला स्पष्ट दिसत होतं. उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. पाणी हिरवट, स्थिर, आणि होडी एकट्याची. हे सगळं खरं, पण त्याच्या तळाशी आणखी एक होतं, ते मी आजवर कुणाला बोलले नाही, देवाजवळही नाही. मी दमले होते. मला कंटाळा आला होता. त्यांचा नव्हे, त्यांना जिवंत ठेवण्याचा. कडी नसलेल्या दाराबाहेर उभं राहून नळाचा आवाज ऐकण्याचा मला इतका कंटाळा आला होता की त्या चिंचेखाली, हातात पर्स घेऊन उभी असताना, मला वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचं काय ते. हे त्यांच्यावरच्या विश्वासानं वाटलं की त्यांच्यातून सुटण्यासाठी वाटलं? मी स्वतःला तळव्यावर फिरवून बघितलं, आणि मला सांगता आलं नाही.

"लहान," मी म्हणाले.

लक्ष्मणराव दचकले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, इचार करून बोला." मी म्हणाले, केलाय. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली. ह्यांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मला ते झेलता आलं नाही. त्यात आनंद होता, आभार होते, आणि या दोहोंच्या मागे आणखी काहीतरी होतं, त्याला मी नाव दिलं नाही. "जरा चालवून बघतो," हे म्हणाले. भैरूनं वल्हं दिलं, एक गळ दिला, गोजाबाईनं घरातून कणकेचा गोळा आणून दिला. होडी पाण्यात ढकलली तेव्हा ती एकदा डचमळली, मग ह्यांच्या वजनानं नीट बसली. त्यांना वल्हवता येत नव्हतं. होडी आधी गोल फिरली, भैरू काठावरून सांगत होता, हे ऐकत होते, चुकत होते आणि हसत होते. मग जमलं. काठापासून दूर गेल्यावर त्यांनी विचारलं, "तू बसतेस ना इथे?" मी म्हणाले, "बसते." होडी पलीकडच्या बाभळींकडे निघाली, वळणाशी बारीक झाली, पाठमोरा पांढरा सदरा तेवढा दिसत राहिला, आणि मग तोही बाभळींमागे गेला. पाण्यावरची रेघ थोडा वेळ राहिली. गोधड्या धुणाऱ्या बाईनं पिळा घातला आणि ती रेघही मोडली.

भैरू मोठ्या होडीवर फाटकं पोतं टाकत होता. लक्ष्मणराव काठाकाठानं वळणाच्या दिशेनं चालायला लागले होते, उगाच वांगी बघत असल्यासारखे. मीही जायला हवं होतं. मी बसते म्हणाले होते. गोजाबाई म्हणाली, "चला बाई घरात, च्या टाकते. हितं बसून कुनाची नाव लवकर येत न्हाई." आणि मी गेले. पाण्याकडे पाठ केली आणि तिच्या मागोमाग चालत गेले, पाय मोकळे पडत होते. तिचं घर काठापासून थोडं वर, दार नदीच्या उलट बाजूला. मी भिंतीला टेकून बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हे कुठे आहेत, काय करत आहेत, ते मला माहीत नव्हतं, दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, आणि मला त्याची धास्ती वाटली नाही. ती का वाटत नाही या भीतीनं मी दाराकडे बघितलं. दारात कोंबड्या होत्या. चहा गुळाचा होता, आलं घातलेला, इतका चांगला चहा मी कधी प्यायले ते मला आठवेना. बाहेरून भैरूनं कुणाला तरी मोठ्यानं हाक मारली. मी कान दिला नाही. गोजाबाईनं पातेलं उचलून विचारलं, आनखी वतू का थोडा, आणि मी कप पुढे केला.